निळी लोकर

३ मे १९६६

आज अब्रामने करवत डोलीच्या हातात दिली.

पत्र्याच्या शेडचं दार त्याने नेहमीसारखं आतून लावून घेतलं होतं, पण आवाज थोडाच लपतो? अब्रामच्या हाताखाली करवत एका सुरात चालते. आज ती अडखळत होती, किंचाळत होती, मधेच गप्प होत होती. मी कॉफी घेऊन गेले तर दार बोटभर उघडून त्याने नुसता हात बाहेर काढला. फटीतून दिसली मला ती. त्याच्या स्टुलावर, तोंडाला ओलं फडकं बांधून बसलेली. डोळे तेवढे उघडे होते आणि ते हसत होते असं मला वाटलं.

लग्न होऊन या टेकड्यांत आले तेव्हापासून मी या माणसाच्या मागे लागलेय, मला दगड कापायला शिकव. त्याचं एकच उत्तर, "तू नदीकाठची. हे काम तुझं नाही." माझं काम चकाकी आणायचं. त्याने कापलेले, गोलवलेले, धुतलेले दगड तो माझ्यापुढे आणून ओततो आणि मी चामड्यावर पावडर टाकून ते घासत बसते. सोनेरी वाघडोळे, निळे ससाणडोळे, हलवले की आत डोळ्यासारखी रेघ सरकणारे. किती बायकांच्या गळ्यांत आणि बोटांत माझ्या हातचे डोळे आज लुकलुकत असतील! पण नाव कापणाऱ्याचं होतं. घासणारी काय, बायको.

ही डायरी भावाने नदीकाठच्या काकामासहून, माझ्या माहेरून, मनुकांच्या पेटीत टाकून पाठवली. पहिल्या पानावर लिहिलंय, "लेनी, मनात येईल ते इथे लिही, म्हणजे अब्रामचे कान वाचतील." गाढव आहे. पण लिहिते.

६ मे

डोली टिटीस म्हणजे कोण, तर वळणावरच्या खाणीतली विधवा. नवरा खाणीत काम करता करता गेला. ती लहानपणी आईजवळ बसून हातोडीने दगड फोडायची, दगडाला चिकटलेला निळा ॲस्बेस्टॉस सोलून पोत्यात भरायची. तिथल्या सगळ्या बाया-पोरी तेच करतात. पोतं भरलं की वर पोरांनी नाचून ते दाबायचं. असल्या ठिकाणची ही बाई, आणि आज माझ्या नवऱ्याच्या स्टुलावर!

दिसायला म्हणाल तर काडी. वयाने माझ्याहून बरीच लहान. बोलता बोलता तोंडावर हात धरून खोकते, ते पण असं नाजूक, जणू काही खोकणं ही एक अदा आहे. मला "ताई" म्हणते.

"मी तुझी ताई नाही," मी म्हटलं.

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. कामापुरतं बोल."

हसली. राग तरी यावा की नाही माणसाला!

लिस्बेटमावशी कुंपणावर कोपर टेकून बघत होती. म्हणाली, "लेनी, तुझ्या आयत्या बिळात नागीण शिरली गं." मी म्हटलं, "मावशी, बीळ आयतं नव्हतं. मी खपलेय त्याच्यासाठी." मग तिलाच खोकल्याची उबळ आली आणि बोलणं राहिलं. इथे खोकत नाही कोण? अब्रामची आई खोकत गेली, दोघी बहिणी खोकत गेल्या. हाडं दिसायला लागली होती शेवटी. कच्च्या छातीचं घराणं. आम्ही नदीकाठची माणसं पीच खाऊन वाढलेली, मला साधी सर्दी होत नाही.

१४ मे

पाद्रीबाबा आले होते. नव्या देवळातल्या पवित्र मेजाच्या दर्शनी बाजूला आपल्याच टेकडीतल्या दगडाची पट्टी बसवायची म्हणतात. दर रविवारी सगळं गाव तिच्याकडे तोंड करून बसणार.

अब्रामने शेडमधून ओल्या गोणपाटात गुंडाळलेला दगड आणला आणि पाद्रीबाबांना गोणपाट जरासं सारून दाखवला. मीही मान उंच करून बघितला. असा दगड मी जन्मात पाहिला नव्हता. एका कडेला निळ्या ॲस्बेस्टॉसची लोकर. अगदी मेंढीच्या अंगावरची वाटावी अशी मऊ, चिमटीत धरून ओढली तर तंतू सुटून येतील. तीच लोकर आत जाता जाता दगड झालेली, निळीची निळी, आणि आणखी आत जाता जाता सोनं. लोकर, ससाणा आणि वाघ एकाच पाठीवर. मी बोट लावायला गेले तर अब्रामने माझा हात झटकला. पाद्रीबाबांसमोर!

"कापणाऱ्याचं नाव मागच्या बाजूला कोरू," पाद्रीबाबा म्हणाले. "अब्राम कोपमन, नाही का?"

"माझे हात आता थरथरतात, बाबा. डोली कापेल. मी तिचा हात धरीन."

हात धरीन! मी आत जाऊन भांडी आपटली. एक कप फुटला. माझ्या आईचा होता.

जेवताना मी विचारलं, "मी का नको?"

"पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच. दगडात डोळा कुठे उभा आहे ते मला बोटांनी कळतं. आजवरचे सगळे दगड मी घासलेत. ती काल आलेली."

"तिला कापू दे, लेनी," तो ताटाकडे बघत म्हणाला. "तुला नाही."

कारण नाही, काही नाही. मेंढीच्या शेपटाची चरबी घातलेलं मटण मी त्याच्या आवडीचं म्हणून केलं होतं. अर्धं टाकून उठला. आजकाल जेवतच नाही. माणूस प्रेमात पडला की भूक मरते म्हणतात.

१९ मे

आता हे नवीन. दगडावरची लोकर सोलायची झाली की दोघं टेकडीपलीकडे जातात. घराजवळ का सोलत नाहीत? माझं अंगण काय लहान आहे? गोणपाटं घेऊन, पाण्याचा डबा घेऊन दोघंच. परत येतात ती नाहून. केस ओले. अंगावर दुसरे कपडे.

मी शहाणी बाई आहे, लगेच काही बोलत नाही. पण मे महिन्यात, आमच्याकडचा हिवाळा लागलेला असताना, पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीच्या हौदावर नाहून येणारा पुरुष मी अजून बघितला नव्हता.

२ जून

आज काळजाला थंडावा मिळाला!

अब्रामने डोलीने कापलेले दगड माझ्यापुढे आणून टाकले. पहिलाच उचलला आणि बोटांना कळलं. तरी मुद्दाम चांगला घासला, चकाकी आणली, उन्हात धरला. काळा ठिक्कर. आंधळा! तंतूंच्या बाजूने कापायचं ते हिने तंतू आडवे कापले. डोळा उघडणार कुठून? अख्खी ताटली आंधळ्यांची.

मी ताटली घेऊन शेडच्या दाराशी गेले आणि मोठ्याने म्हटलं, "अगं डोली, एवढ्या आंधळ्यांना आता काठ्या कोण देणार?"

ती आतून हसली. तिच्याच फजितीवर! हसता हसता खोकायला लागली, थांबेचना. अब्राम तिची पाठ चोळत असावा. "हळू, हळू," म्हणत होता. मला कधी असं "हळू" म्हटलं नाही त्याने.

माझा थंडावा दाराशीच संपला.

५ जून

रविवार. प्रार्थनेत लक्ष नव्हतं. माझ्या पुढच्याच बाकावर ती. मानेची हाडं दिसतात. त्यात काय आवडलं असेल त्याला? मी भरल्या अंगाची आहे, लग्नाच्या वेळी लोक म्हणायचे, अब्रामने नदीवरून द्राक्षांचा घड आणला. आता घडाला कोण विचारतं!

९ जून

पवनचक्कीकडे गेले. जायचं नव्हतं, पाय गेले.

तारेवर दोन शर्ट वाळत होते. एक अब्रामचा, एक तिचा. शेजारी शेजारी, बाह्या एकमेकींना लागून. मी तिथेच खाली बसले.

आता सगळ्याचा अर्थ लागतो. कामाचा शर्ट तो मला धुवू देत नाही. किती वर्षं झाली! सुरुवातीला मला वाटायचं, वा, काय नवरा मिळालाय, स्वतःचे कपडे स्वतः धुतो. सगळ्यांना सांगत फिरले. लिस्बेटमावशी तेव्हाच म्हणाली होती, "बायकोला शर्ट धुवू न देणाऱ्याच्या शर्टाला काहीतरी लागलेलं असतं." मी तिला वेड्यात काढलं होतं.

आणि मागच्या महिन्यापासून झोपायला व्हरांड्यात. माझी झोपमोड होते म्हणे, त्याच्या खोकल्याने. मी कधी तक्रार केली?

विचारलं त्याला. सरळ विचारलं, "तिचा शर्ट तुझ्या शर्टाशेजारी का?"

"धूळ धुतली."

"माझ्या घरात पाणी नाही?"

"घरात नको ती धूळ."

एवढंच. आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच गुन्हेगार.

२२ जून

दुपारी शेडच्या मागे कोंबडीची अंडी शोधत होते. खोटं कशाला लिहू, अंडी शोधत नव्हते. पत्र्याला कान लावून उभी होते.

डोली म्हणत होती, "ताईंना सांगून टाक एकदाचं. मला त्यांच्याकडे बघवत नाही."

"सांगितलं तर ती निघून जाईल नदीकडे," अब्राम म्हणाला. "आणि तिने जायलाच हवं. मला कळतं. लग्न झालं त्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण तिच्याशिवाय मला या घरात एक दिवस काढता यायचा नाही, डोली. मी हरामखोर माणूस आहे."

"आहेस खरा," ती म्हणाली.

मी तिथून निघाले. दोघीही पाहिजेत त्याला! ती शेडमध्ये आणि मी स्वयंपाकघरात. आणि लग्नाच्या दिवसापासून, म्हणजे ही किती जुनी गोष्ट आहे? तेव्हा तर ती पोर असेल. माझं डोकं चालत नाही.

जाणार नाही मी नदीकडे. मुळीच जाणार नाही. मी गेले की दोघांचं फावलं.

४ जुलै

अब्राम आणि डोली सकाळच्या बसने किंबर्लीला गेले. तीन दिवस. मोठ्या इस्पितळात डोलीला दाखवायचंय म्हणे. तिला कुणी नाही म्हणून हा सोबत. आणि हा कोण तिचा? मी बसपर्यंत गेले. मागच्या बाकावर दोघं शेजारी बसली. तिने खिडकीतून मला हात केला. मी केला नाही.

जाताना मला म्हणाला, "शेडकडे जाऊ नकोस, लेनी. दगड तसाच ओल्या गोणपाटात राहू दे. आल्यावर आम्ही बघू."

आम्ही.

५ जुलै

आज माझा दिवस!

शेडला कुलूप होतं. मी बिजागरीची खीळच काढली. दगड बाहेर अंगणात आणला. गोणपाट सुकलं होतं, टाकून दिलं. हातोडी घेतली आणि बसले, खाणीतल्या बाया बसतात तशी पाय पसरून. एकेका ठोक्याला निळी लोकर सुटत होती! काय मऊ, काय हलकी. वारा होता, सगळीकडे उडत होती, उन्हात चमकत होती, केसांत, पापण्यांवर, कॉफीच्या कपात. फुंकर मारून कॉफी प्यायले. टेकडीपलीकडे जाऊन करायचं काम म्हणे! मला गाणी सुचत होती.

लिस्बेटमावशी कुंपणाशी आली, बघितलं आणि "अगं ए बाई, काय करतेस?" म्हणून ओरडली.

"नवऱ्याचं काम करतेय," मी म्हटलं.

"अगं, तोंडावर काहीतरी बांध तरी!"

"तोंड लपवण्यासारखं मी काही करत नाही, मावशी. ज्यांनी केलं त्यांनी बांधावं."

ती डोक्याच्या रुमालाने नाक झाकून घरात पळाली. हिलाही हेवा.

मग दगड ओला केला आणि उन्हात इकडून तिकडे कलवला. डोळ्याची रेषा चालत आली. तिच्या मागे मागे बोट फिरवलं, पेन्सिलीने खूण केली. पुसली, पुन्हा केली. करवतीचं इंजिन लावलं. करवत मला घाबरली नाही, मी करवतीला घाबरले नाही. पाणी जेमतेमच घातलं. टाकीत तळ दिसतोय, उगाच कोण नासणार. धूर धूर झाला शेडमध्ये, पण पाती दगडात लोण्यासारखी गेली.

अब्रामची सगळी लपवाछपवी एवढ्यासाठी होती? एवढंसं तर काम आहे!

६ जुलै

पट्टी घासून झाली. लिहायला शब्द नाहीत. एका टोकाला नदीच्या डोहासारखी निळी, दुसऱ्या टोकाला मध. आणि हलवली की या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळा सरकत जातो, कुठेही तुटत नाही. अब्रामनेही असा कधी कापला नसेल. खिडकीत उभी करून ठेवली आहे, आल्या आल्या दिसावी म्हणून.

लोकर वाया कशाला घालवायची? कालच झाडून गोळा केली आणि अब्रामच्या पाठीला उशी शिवली. अलीकडे त्याला आडवं झोपवत नाही, टेकून बसतो रात्र रात्र. चिडलेय म्हणून काय झालं, माझाच आहे तो. उशी इतकी मऊ झालीय की मीच काल तिच्यावर डोकं ठेवून झोपले.

७ जुलै

आज सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी आले. मी दारात उभी, कमरेवर हात ठेवून. म्हटलं, आता बघू दे खिडकीकडे. अब्रामने खिडकीकडे बघितलंच नाही. तो माझ्या केसांकडे बघत होता. मग अंगणाकडे बघितलं. कुंपणाच्या तारेला अजून निळे पुंजके लटकत होते.

"कोणी सोलला?" त्याने विचारलं. आवाज ओळखू येईना.

"मी. आणि कापलाही मीच. आत ये, बघ तरी."

"तोंडाला काही बांधलं होतंस?"

"नाही."

"पाणी घातलंस?"

"जेमतेम."

डोली पायरीवर बसली आणि तोंडात रुमाल कोंबून रडायला लागली. रडणारच. नाव गेलं ना तिचं.

अब्रामने माझं मनगट धरलं आणि मला ओढत नेलं, पवनचक्कीच्या हौदापर्यंत. धापा टाकत, दोनदा वाटेत थांबून. कपड्यांसकट मला पाण्यात उभं केलं आणि माझे केस धुतले. बर्फासारखं पाणी. पुन्हा पुन्हा धुतले, नखांनी, रडत. मी पण रडले. एवढ्या वर्षांत त्याने माझ्या केसांना असा हात लावला नव्हता. एक क्षण वाटलं, जिंकले. मग घरी येऊन त्याने माझे कपडे जमिनीत पुरले, आणि उशीही. मी त्याच्यासाठी केलेली उशी!

आणि मग बोलला. म्हणे ती लोकरच माणसं मारते. डोळ्यांना न दिसणारे तंतू छातीत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं बसून राहतात. त्याची आई, बहिणी, डोलीचा नवरा, सगळे त्यानेच गेले. मी नदीवरून स्वच्छ छाती घेऊन आले होते म्हणून त्याने मला त्या कामाला कधी हात लावू दिला नाही.

"इतकी वर्षं नाही सांगितलंस," मी म्हटलं. "आणि मी तिच्यापेक्षा चांगलं कापलं त्या दिवशी बरं धूळ मारायला लागली!"

"लेनी, भीती वाटायची. कळलं तर तू जाशील."

"मग तिला का शिकवलंस? तिला नाही मारत धूळ?"

डोलीनेच उत्तर दिलं, "माझं व्हायचं ते होऊन गेलंय, ताई. आईच्या मांडीवर होते तेव्हाच. मीच म्हटलं त्याला, आता मला भ्यायचं काय कारण, मला शिकव."

उत्तर कसं अगदी जिभेवर तयार! दोघांनी बसमध्ये बसून ठरवलेलं असणार.

माझा विश्वास नाही हे दिसल्यावर अब्रामने कोटातून मोठं खाकी पाकीट काढलं. इस्पितळात काढलेले छातीचे फोटो. एक खिडकीच्या काचेवर धरला, माझ्या पट्टीच्या पुढे. काळ्यात पांढऱ्या बरगड्या आणि खाली ढगासारखं काहीतरी पसरलेलं. "ही डोली," तो म्हणाला. मग दुसरा धरला. तिथेही ढग, जरा लहान. "हा मी."

मला तो ढग काही कळला नाही. मला एवढंच दिसलं की माझ्या नवऱ्याची छाती आणि तिची छाती एकाच पाकिटात होती. आमच्या लग्नाचा एक फोटो आहे, तोसुद्धा आम्ही कधी चौकटीत बसवून घेतला नाही.

"उद्या काकामासला जा भावाकडे," तो म्हणाला. "हात जोडतो. अजून एकच दिवस धूळ लागलीय तुला. कदाचित काही होणार नाही."

"आणि ही?"

"ही इथेच राहील. ही कुठे जाणार?"

तेच हवं होतं ना! मी म्हटलं, "मी कुठे जात नाही. शेडमध्ये अजून दोन मोठे दगड आहेत, लोकर न सोललेले. ते मी सोलणार. तुझी बायको मी आहे. किंबर्लीला जायचं तर मलाही ने. माझाही फोटो काढ आणि त्याच पाकिटात ठेव."

अब्राम भिंतीला टेकून खाली बसला, लहान मुलासारखा. डोली त्याच्याकडे गेली नाही. ती माझ्याकडे आली आणि तिने मला मिठी मारली. तिच्या बरगड्या मला टोचल्या. मी तिला ढकलून दिलं.

पाद्रीबाबा संध्याकाळी पट्टी बघून गेले. म्हणाले, असं काम टेकडीत कुणी केलं नाही. नाव कोणाचं कोरू? मी म्हटलं, लेनी कोपमन. नीट, खोल कोरा.

८ जुलै

सकाळी उठले तर घशात काहीतरी अडकल्यासारखं. काल हौदाच्या गार पाण्यात उभं केलं त्याने, त्याचीच सर्दी असणार. दोनदा खोकले. अब्राम व्हरांड्यातून उठून दारात आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी मुद्दाम आणखी एकदा खोकले.